एमएसडब्ल्यू, नर्सिंग की छोटा कोर्स? वस्तीत काम करायचंय, सल्ला हवा

अबोली_लातूर
नमस्कार. वय २३, बी.ए. मराठी झालंय. आजीला अर्धांगवायू झाल्यापासून तिचं सगळं आई आणि मी करतो. तेव्हापासून गल्लीतल्या बायका मला विचारायला येतात: संजय गांधी निराधारचा अर्ज कसा भरायचा, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड कुठं मिळतं, झोपून असलेल्या माणसाची कूस किती वेळानं बदलायची. हेच काम नीट शिकून, घराघरात जाऊन करायचंय. वडील म्हणतात नर्सिंग कर, नोकरी पक्की. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला, दोन वर्षं आणि बाहेरगावचा खर्च. सहा महिन्यांचे कोर्सही दिसतायत. काय करू?

सदाफुली
अबोली, तू जे लिहिलंयस त्यातली निम्मी कामं केसवर्कच आहेत, म्हणजे एकेका माणसाची, घराची अडचण समजून घेऊन मदत करणं. मी एमएसडब्ल्यू करून धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. ते घरच्यांना समजावणं, कागद जमवणं, घरी गेल्यावर त्यांचं कसं चाललंय ते पाहणं, हे माझं रोजचं काम.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नकोस, फील्डवर्क (वस्तीत, संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम) पाहा. आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क बहुतेक ठिकाणी असतं, पण ते करताना तुझ्यासोबत कोण असतं? तू लिहिलेला अहवाल वाचून ‘त्या आजी गप्प बसल्या तेव्हा तू काय केलंस?’ असं विचारणारे शिक्षक आहेत का? नुसती सही करून वही परत देत असतील तर दोन वर्षं वाया. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून हे विचारच.

तुला जवळ पडेल असा ‘टिस’चा (टाटा समाजविज्ञान संस्था) तुळजापूर परिसर. तिथे ग्रामीण विकासावर भर असलेलं समाजकार्य शिकवतात. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन. ‘टिस’साठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अर्जाच्या तारखा चुकवू नकोस.

रानवाट
पदवीच्या आधी थोडं काम बघून ये, असं मी म्हणेन. जामखेडला डॉक्टर आरोळे दाम्पत्याने १९७० मध्ये गावांत आरोग्याचं काम सुरू केलं. फारशा न शिकलेल्या बायका बाळंतपण, कुष्ठरोग, क्षयरोग सांभाळायला शिकल्या आणि गावात त्यांचा शब्द चालू लागला. गडचिरोलीत ‘सर्च’ या बंग दाम्पत्याच्या संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू उतरले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यांच्याच ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमात तुझ्या वयाची मुलं-मुली येतात. अर्ज कर.

आजीमुळे ओढा आला असेल तर पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (दुखणं, त्रास कमी करणारी काळजी) सेंटर आहे. कर्करुग्णांची मोफत काळजी घेतात, घरीही जातात. तिथे समाजकार्यकर्ते आणि नर्स एकत्र कसं काम करतात ते पाहिलंस, तर बाबांशी बोलणं सोपं जाईल.

अबोली_लातूर
सदाफुलीताई, रानवाट, खूप आभार. पगाराचं कुणी स्पष्ट सांगेल का? घरी तोच प्रश्न येणार.

पाणवठा_६१
मी सांगतो, निवृत्त आहे, आयुष्य याच क्षेत्रात गेलं. संस्थांमधल्या बऱ्याच जागा प्रकल्पावरच्या. निधी थांबला की जागा जाते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बहुतेक पदं कंत्राटी. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे कायम पद आहे, पण जागा मोजक्या आणि समाजकार्याची पदवी लागते. सहा महिन्यांचा रुग्णसहायक कोर्स केलास तर काम लगेच मिळेल. पण ते एका रुग्णाच्या उशाशी बसण्याचं काम, बारा-बारा तासांचं. त्याला मी कमी लेखत नाही, फक्त तू मागतेयस ते हे नाही.

नर्सिंगला बाबांचा आग्रह चुकीचा नाही. मात्र तुझ्या बोलण्यात औषधापेक्षा अर्ज, दाखले आणि माणसं जास्त आहेत, म्हणून मी एमएसडब्ल्यूच म्हणेन. उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा, आत्ताच काढून ठेव. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना लागतील. आणि ज्या बायकांचे अर्ज भरून दिलेस, त्यांचं पुढं काय झालं ते एका वहीत लिहायला लाग, नावं न लिहिता. मुलाखतीत त्यावर बोलता येईल.

अबोली_लातूर
वही आजच घेते, काका. तुळजापूरला सध्या शिकणारं कुणी इथे आहे का? फील्डवर्कबद्दल विचारायचंय.