पोटाच्या डायलिसिससाठी रात्रीची पिशवी कोणती घ्यावी? मदत हवी आहे

माझ्या आईला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली अडीच वर्षे तिचे पोटाचे डायलिसिस, म्हणजे सीएपीडी (पोटात द्रावण भरून काही तासांनी ते काढून टाकणे), घरीच चालू आहे. हिमोडायलिसिसचे, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करण्याचे, केंद्र गावापासून फार लांब असल्याने आम्ही हा मार्ग निवडला आणि तो शक्य तितकी वर्षे टिकावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दिवसा तीन वेळा १.५ टक्के साखरेची (डेक्स्ट्रोजची) आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत २.५ टक्क्यांची, अशा दोन-दोन लिटरच्या पिशव्या आम्ही वापरत होतो. दोन महिन्यांपासून रात्री भरलेले पाणी सकाळी पूर्ण परत येईनासे झाले आणि पायांवर सूज दिसू लागली. पोटातल्या पडद्यातून पदार्थ किती वेगाने आरपार जातात हे मोजणाऱ्या पीईटी तपासणीत क्रिएटिनिन या टाकाऊ घटकाचे (द्रावणातले विरुद्ध रक्तातले) चार तासांचे गुणोत्तर ०.८४, म्हणजे जास्त, आले. डॉक्टरांनी सांगितले की आईच्या पोटातल्या पडद्यातून साखर फार लवकर रक्तात शोषली जाते, त्यामुळे पाणी ओढून घेण्याचा द्रावणाचा जोर काही तासांतच ओसरतो आणि त्यानंतर उलट पोटातलेच पाणी अंगात मुरू लागते. तूर्त रात्री ४.२५ टक्क्यांची पिशवी चालू आहे. सूज उतरली, पण त्या एका पिशवीत ८५ ग्रॅम डेक्स्ट्रोज असते, सकाळची साखर चढलेली राहते, आणि इतकी साखर रोज लागत राहिली तर पडदाच खराब होतो ही भीती वेगळी.

डॉक्टरांनी दोन पर्याय पुढे ठेवले आहेत. पहिला, रात्री ७.५ टक्के आयकोडेक्स्ट्रिन (डेक्स्ट्रोजऐवजी वापरला जाणारा, ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा पदार्थ), जे फार सावकाश शोषले जात असल्याने आठ तासांनंतरही पाणी ओढत राहते. दुसरा, दोन कप्प्यांची, सामान्य पीएचची पिशवी, जिच्यात निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेने साखरेपासून तयार होणारे घातक घटक कमी असतात. दोन्ही महाग आहेत आणि एका वेळी एकच परवडेल.

आईला अजून दिवसाला सुमारे ६०० मिली लघवी होते आणि ती टिकवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व सिंगापूरमधील १८५ रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बॅलन्झ अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या पिशव्यांमुळे मूत्रपिंडाची उरलेली क्षमता घटण्याच्या वेगात ठोस फरक दिसला नाही, मात्र लघवी पूर्ण बंद होण्याची वेळ लांबली आणि पेरिटोनायटिसही (पोटाच्या पडद्याचा संसर्ग) कमी झाला. असे असले तरी आज अडचण रात्रीच्या पाण्याची आहे, म्हणून माझा कल आयकोडेक्स्ट्रिनकडे झुकतो. मात्र २०१३ च्या एका अभ्यासात आयकोडेक्स्ट्रिनसह साखर कमी केलेल्या मधुमेही रुग्णांचे एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) सुधारले, तरी अंगात पाणी साठण्यासारखे गंभीर त्रास त्याच गटात अधिक आढळले, हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे.

ज्यांनी घरी आयकोडेक्स्ट्रिन वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे की सकाळी निघणाऱ्या पाण्यात किती फरक पडला, दिवसाच्या पिशव्या बदलाव्या लागल्या का, आणि लघवीचे प्रमाण पुढे कसे राहिले. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. या द्रावणापासून शरीरात माल्टोज नावाची साखर तयार होते आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्यालाच ग्लुकोज समजून साखर खोटी जास्त दाखवतात, त्यामुळे इन्सुलिन जास्त दिले जाण्याचा धोका असतो. तुम्ही पट्टी सुरक्षित असल्याची खात्री कशी करून घेतली? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना निर्णय कळवायचा आहे.