मदत हवी आहे : हिवाळी निवासी सहलीची तारीख ओहोटीच्या वेळेवर कशी बसवावी?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांची दोन रात्रींची हिवाळी सहल यंदा किनाऱ्यावरील एखाद्या निसर्ग शिक्षण केंद्रात न्यावी, असे शाळेने मान्य केले आहे. समुद्र आमच्यापासून फार लांब नाही. तरीही बहुतेक मुलांनी तो गणपतीपुळ्याच्या वाळूत उभे राहूनच पाहिलेला आहे. ओहोटीनंतर कातळातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुले, शंखातले जीव कसे तग धरून राहतात, हे त्यांना दाखवावे एवढाच माझा हेतू आहे.

दोन-तीन केंद्रांशी बोलणे झाले. मुलींचा स्वतंत्र निवास, जेवण, प्रथमोपचार याबाबत उत्तरे समाधानकारक मिळाली. मात्र ओहोटी किती वाजता असेल, या प्रश्नावर एका ठिकाणी "ते आल्यावर बघू, बाई" असे ऐकावे लागले. पूर्वी एका केंद्राने आम्हाला ऐन भरतीला, भर दुपारी किनाऱ्यावर नेले होते. मुलांनी लाटा पाहिल्या, वडापाव खाल्ले आणि ती बसमध्ये येऊन बसली. तसे पुन्हा होऊ नये, म्हणून या वेळी तारीख आधी ठरवून मगच केंद्र निवडण्याचा माझा विचार आहे.

माझा हिशेब असा. आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. वेळ सोयीची खरी, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते आणि पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने पाणी चांगले ओसरते, परंतु ओहोटी सकाळी सहाच्या आसपास येते आणि जानेवारीत तेव्हा अंधारच असतो. तृतीया-चतुर्थीला उधाणाचा जोर टिकून असतो, भरती दोन-तीनच्या दरम्यान आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊला पडते. म्हणजे सकाळी कातळ पाहावा आणि दुपारच्या भरतीत होडीने खाडीतली कांदळवने पाहावीत, असे दोन्ही एकाच दिवसात साधते.

अडचण अशी की मुख्याध्यापकांना सहल नाताळच्या सुटीला जोडून हवी आहे, आणि त्या दिवसांत किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड असते. वद्य चतुर्थी निवडावी तर ती संकष्टी. निम्म्या शिक्षकांचा उपास आणि वाटेत गणपतीपुळ्याची गर्दी. शिवाय काही पालकांना याच सहलीत वेळासला कासवांची पिल्ले पाहायची आहेत, तर काही पालक 2016 साली मुरूडच्या समुद्रात सहलीचे विद्यार्थी बुडाल्यापासून समुद्र म्हटले की संमतीपत्रावर सही करायला कचरतात.

माझा हिशेब रत्नागिरी-देवगड पट्ट्याला कितपत लागू पडतो, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष फिरताना कोणती शिस्त ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

बाई, हिशेब बरोबर आहे, फक्त तो मुंबईच्या घड्याळाला अधिक जुळतो. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते, त्यामुळे आपल्या भागात पंचमीही चालेल आणि संकष्टीचा प्रश्नही सुटेल. शुद्ध पक्षातली तिथी धरली तर तो उद्भवणारच नाही. नक्की वेळ मात्र जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्यावी. दक्षिण कोकणात पाणी मुंबईइतके खाली जात नाही. म्हणून भांगाचे दिवस टाळण्याचा तुमचा आग्रह अगदी योग्य आहे, आणि मुख्याध्यापकांना तो तक्ताच दाखवावा.

पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी कातळावर पोहोचा, आणि ते फिरले की मुलांना लगेच मागे घ्या, कारण पाठीमागची घळ आधी भरते आणि पुढे असलेल्यांच्या ते लक्षात येत नाही. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. कोणीही, अगदी गुडघाभरही, समुद्रात उतरणार नाही, हे संमतीपत्रातच लिहा. पालकांची निम्मी भीती तिथे कमी होईल. चपला नकोत, जुने कॅनव्हासचे बूट हवेत. कातळाला चिकटलेल्या कालवांची कड पात्यासारखी कापते. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायला शिकवा, नाहीतर त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात वाळून मरतात. जिवंत शंख हाताळू देऊ नका, कारण शंकूच्या आकाराचे काही शंख विषारी दंश करतात. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा आठवण म्हणून काही घरी आणण्याचा प्रश्नच नाही.

खाडीत तिवराची वर आलेली श्वसनमुळे पाहायची असतील, तर होडी भरतीच्या शिखराला नको, पाणी उतरू लागल्यावर सोडायला सांगा. भरतीत ती बुडालेली असतात आणि मुलांना नुसती हिरवी झाडी दिसते. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, हे होडीवाल्याला आधीच विचारा.

कासवांचे या सहलीत जमणार नाही. मादी साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालू लागते आणि पिल्ले बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. वेळासला पिल्ले दिसण्याचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल. ज्या पालकांना तीच पाहायची आहेत, त्यांना मार्चमधल्या एखाद्या रविवारी मुलांना स्वतः घेऊन जायला सांगावे.