मन ताळ्यावर आणायला ताक पुरते का?

औषधदुकानदार, राजारामपुरी :

सध्या आपल्या कोल्हापुरात मोबाइलवर एक मजकूर फिरत आहे. मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन हे रसायन शरीरात सुमारे ९० टक्के आतड्यातच तयार होते, तेव्हा रोज तांब्याभर ताक प्या, प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त जिवंत जीवाणूंची, कॅप्सूल घ्या आणि नैराश्याच्या गोळ्या सोडून द्या, असा त्याचा आशय आहे. तो दाखवून ‘मनाच्या गोळीऐवजी पोटाची गोळी द्या’ असे म्हणणारी गिऱ्हाइके माझ्याकडे येऊ लागली आहेत. यातील पुष्कळ कॅप्सूल अन्नपूरक म्हणून विकल्या जातात, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि त्यांवर नफाही बरा सुटतो. तरीही माझा या प्रकाराला विरोध आहे.

मजकुरातील ९० टक्क्यांचा आकडा खरा आहे आणि लोक फसतात ते त्यामुळेच. आतड्यातील सेरोटोनिन आतड्याची हालचाल सांभाळते. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही आणि मेंदू स्वतःपुरते सेरोटोनिन स्वतःच बनवतो. जीवाणूंचा मेंदूशी संबंध नाही, असे मी म्हणत नाही. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी २०११ साली लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जीवाणूचा जेबी-१ हा वाण, म्हणजे त्या जातीतला एक पोटप्रकार, उंदरांना दिला, तेव्हा ते कमी घाबरू लागले. पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नस कापली, तेव्हा हा परिणाम दिसेनासा झाला. मात्र कॉर्कमध्येच तो वाण निरोगी पुरुषांना देऊन पाहिला गेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तो जीवाणू नसलेल्या नुसत्या दिखाऊ कॅप्सूलपेक्षा सरस ठरला नाही. विक्री प्रतिनिधी उंदरांची गोष्ट रंगवून सांगतात, या पुरुषांची सांगत नाहीत.

खोका हातात घेऊन पाहिला, तर जीवाणूंच्या संख्येचा अब्जांचा आकडा ठळक दिसतो, जीवाणूचे कूळ आणि जात दिसते, पण जेबी-१ सारखी वाणाची खूण अनेकदा कुठेच नसते. गुण तर वाणागणिक बदलतो. मग कोणत्या प्रयोगाच्या बळावर हा खोका मनासाठी विकायचा?

गंगावेशकर :

आपला राग त्या मजकुरावर असावा, शास्त्रावर नसावा. निरोगी पुरुषांवरील प्रयोगाचे आपण फार वजन धरता. ज्यांना नैराश्य नव्हतेच, त्यांचे कमी काय होणार? रुग्णांवरचे काम पाहा. २०१६ साली नैराश्याच्या रुग्णांच्या आतड्यातील जीवाणू उंदरांमध्ये सोडले, तर त्या उंदरांच्या वागण्यातही नैराश्यासारखी लक्षणे उमटली. २०१९ साली बेल्जियममध्ये हजाराहून अधिक लोकांची तपासणी झाली, तेव्हा नैराश्य असलेल्यांमध्ये कॉप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जीवाणू कमी आढळले. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी तर २०२३ साली गोळ्या चालू असूनही पुरता गुण न आलेल्या ४९ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली आणि प्रोबायोटिक मिळालेल्या गटात नैराश्य व चिंता अधिक उतरल्याचे दाखवले. एवढे समोर असताना ‘काही सिद्ध नाही’ असा सूर लावून दुकानातून लोकांना परत पाठवणे मला पटत नाही.

औषधदुकानदार, राजारामपुरी :

आपण सांगितलेली लंडनची चाचणी माझ्याच बाजूने बोलते. त्या ४९ जणांपैकी कोणालाही गोळ्या सोडायला सांगितले नव्हते. प्रोबायोटिक चालू औषधाच्या जोडीला दिले होते आणि ती चाचणी प्राथमिक स्वरूपाची होती. नैराश्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर येते, झोप उडते, अंगात झिणझिण्या उठतात आणि आजार पुन्हा उलटू शकतो. बेल्जियमच्या अभ्यासात संबंध दिसतो, कारण दिसत नाही. खिन्न माणूस जेवत नाही, हलत नाही, रात्र रात्र जागतो. त्याच्या आतड्यातील वस्ती यामुळेही बदलू शकते.

सासुरवाशीण, कसबा बावडा :

कॅप्सूलवरून एवढा वाद चालला आहे, पण घरच्या दह्याबद्दल कोणीच बोलले नाही. आमच्या सासूबाई म्हशीच्या दुधाला कालचेच विरजण लावतात आणि ओढ्यावरच्या रेणुकेच्या यात्रेला आंबील करतात. २०२१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांची तपासणी केली. त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि दाहाच्या अनेक खुणा उतरल्या. मग महागडा खोका हवाच कशाला?

गंगावेशकर :

ताई, दही जरूर खावे, पण घरच्या विरजणात कोणता वाण किती आहे, हे कोणालाच ठाऊक नसते, आणि ताकाची कढी केली की ते जीवाणू उकळीने मरतात. शिवाय स्टॅनफर्डच्या त्या कामातून मन सुधारल्याचे काही हाती लागत नाही. उपचार म्हणून काही द्यायचे, तर मोजून दिलेला वाण हवा, म्हणून मी कॅप्सूलच्या बाजूने बोलतो. वाणाची खूण खोक्यावर हवी, या दुकानदारांच्या मुद्द्यावर मात्र माझा वाद नाही.

समुपदेशक, शाहूपुरी :

दुकानदारांशी माझा मतभेद वेगळा आहे. आपल्याकडे मनाचे दुखणे पोटाच्या नावाने सांगितले जाते. ‘पित्त वाढलंय, अन्नावर वासना नाही, छातीत धडधडतं’ असे म्हणत माणूस येतो, कारण मानसोपचारतज्ज्ञाच्या पायरीवर कोणी पाहिले तर गल्लीत बोभाटा होईल, याची त्याला धास्ती असते. पोटाची गोळी मागणारा माणूस मदतच मागत असतो. त्याला शास्त्र सांगून हात हलवत परत पाठवले, तर तो मांत्रिकाकडे जाईल किंवा कुठेच जाणार नाही. त्यापेक्षा कॅप्सूल द्यावी आणि देताना विचारावे, की झोप लागते का, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नाही असे होते का, चालू गोळ्या कोणत्या आहेत. चालू गोळ्या सोडू नका, हे त्याच वेळी सांगता येते.

औषधदुकानदार, राजारामपुरी :

संध्याकाळच्या गर्दीत, शेजारी ओळखीचे चार जण उभे असताना, या प्रश्नांची खरी उत्तरे कोण देईल? टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापलेली चिठ्ठी मी पिशवीत टाकत जाईन, तेवढे करणे रास्तच ठरेल. पण कॅप्सूल हातात पडली की उपचार सुरू झाल्याचे समाधान घेऊन माणूस महिनाभर गप्प बसतो आणि तेवढ्यात आजार बळावतो.

समुपदेशक, शाहूपुरी :

आणि नकार मिळाला, तर तीच कॅप्सूल तो मोबाइलवरून मागवतो. त्या पुडक्यात चिठ्ठी कोण घालणार आहे?