डिस्कस माशांची पिल्लं काळी पडली, शी पांढरी: आधी औषध की आधी पाणी?

मनीषनगर_टाकी:
सहा पिल्लं आहेत, अडीच इंची, आणून तीन आठवडे झाले. टाकी ३ × १.५ × १.५ फूट, तळाला दोन इंच वाळू, एक स्पंज फिल्टर आणि एक टॉप फिल्टर. पाणी नळाचं, कमी पडलं की बोअरचं मिसळतो. दर रविवारी निम्मं पाणी बदलतो. खायला सकाळ-संध्याकाळ ग्रॅन्यूल आणि जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे). चार दिवसांपासून दोन पिल्लं काळी पडून कोपऱ्यात तिरपी उभी आहेत. दाणा तोंडात घेतात अन् थुंकतात, शी पांढरी दोऱ्यासारखी. दुपारी पाणी ३३ अंश, रात्रभर कूलर चालतो म्हणून पहाटे २८. दुकानात मेट्रोनिडाझोल (आतड्यातल्या परजीवींवरचं औषध) टाका म्हणाले. किती टाकू, आणि त्याआधी काही करायचं का?

काचपेटी:
औषध आज नको. आधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजा, पट्ट्यांनी नाही, थेंबवाल्या किटनं. नळाचं आणि बोअरचं पाणीही वेगवेगळ्या ग्लासात घ्या. एकदा लगेच मोजा, एकदा २४ तास हवा सोडून. बोअरच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच वर चढतो. म्हणजे दर रविवारी टाकीत पडताना पाणी एक असतं अन् सोमवारी दुसरंच होतं.

पीएचवर एवढा भर का, तर अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. ३० अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी विषारी. पीएच ८ झाला की तोच साडेसात टक्क्यांच्या आसपास. किटवर रंग तोच दिसतो, माशाच्या कल्ल्यांवर परिणाम दहापट.

वाळू काढून टाका. वाढत्या पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं आणि उरलेला दाणा वाळूत कुजतो. पण एका दिवसात सगळी उपसू नका. तिच्यात अमोनिया पचवणारे फिल्टरचे जिवाणूही असतात आणि खालचा गाळ एकदम ढवळला तर पिल्लं गुदमरतात. पाइपनं तिसरा हिस्सा आज, पुढचा तीन दिवसांनी.

तापमानाचं म्हणाल तर ३३ चं भय कमी, रोजच्या पाच अंशांच्या चढउताराचं जास्त. हीटर ३० वर लावून ठेवा, मे महिना असला तरी. कूलरनं पहाटे खाली जाणारं पाणी तो धरून ठेवेल. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा १०० वॅटचे दोन घ्या. एक अडकून चालूच राहिला तरी पिल्लं शिजत नाहीत. दुपारी झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा. त्यानं पाणी भराभर उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. म्हणून नुसती भर घालत राहू नका, तेवढं जुनं पाणी काढूनच नवं घाला.

पेंच_पाणी:
बोअर बंद करा. नळाला पेंच धरणाचं पाणी येतं आणि त्यात पिल्लं नीट वाढतात, अट एकच: रोज तेच पाणी. १०० लिटरचा निळा ड्रम घ्या, सकाळी नळ आला की भरा, एअरस्टोन सोडा, दुसऱ्या दिवशी वापरा. क्लोरीन घालवायला हायपो (सोडियम थायोसल्फेट): १०० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर १०० लिटरला १४ मिलि पुरतं. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी चुकूनही नको, हात घातला तर चटका बसतो.

आरओ काही जण सुचवतील. अंडी घ्यायची असतील तेव्हा ते ठीक, पिल्लांना गरज नाही. नुसत्या आरओच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, मग एखाद्या रात्रीत तो कोसळतो.

लाइन गेली तर स्पंजचा एअर पंप इन्व्हर्टरवर हवा. या तापमानाला पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो.

मनीषनगर_टाकी:
मोजलं. लिटरला मिलिग्रॅममध्ये अमोनिया ०.५, नायट्राइट ०, नायट्रेट ८० च्या आसपास. टाकीचा पीएच ८. नळ ७.६, दिवसानं ७.९. बोअर ७.२ चा ८.३ झाला! काळ्यांपैकी एक पिल्लू एकाच बाजूचा कल्ला हलवून राहिलं.

काचपेटी:
मग ०.५ पैकी जवळपास ०.०४ विषारी. पिल्लांसाठी ०.०२ सुद्धा फार झालं. आजपासून रोज २५ टक्के पाणी बदला. नायट्रेट २० च्या खाली आलं की रोज ४० टक्के, आणि मोठी होईपर्यंत तेच चालू ठेवा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धुतला तर जिवाणू मेले.

एका कल्ल्यानं श्वास म्हणजे कल्ल्यातले फ्लूक (बारीक परजीवी किडे) असू शकतात, पण अमोनियानं भाजलेले कल्लेही तसेच दिसतात. तीन-चार दिवस स्वच्छ पाणी द्या. तरी तसंच राहिलं तर प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅम. तुमच्या टाकीत वरची दोन इंच सोडून १७० लिटर पाणी आहे, म्हणजे ६०० मिलिग्रॅमची पाऊण गोळी. ती सहज विरघळत नाही, बारीक पूड करून बाटलीत पाण्यासोबत खूप हलवा. फ्लूकच्या अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून आठवड्यानं दुसरा डोस.

सहा_इंची:
आता मेट्रोनिडाझोल. पांढरी शी दिसली म्हणजे आतड्यात परजीवी आहेतच असं नाही. चार दिवस उपाशी मासा नुसता चिकट पदार्थ टाकतो, तोही पांढराच. पण सोबत काळा रंग आणि थुंकणं असल्यानं या दोघांना देणं योग्य.

दोघं वेगळ्या टाकीत: ४० लिटर, तळ मोकळा, तुमच्याच टाकीतला चालू स्पंज, तापमान हळूहळू ३२. रोज ४० लिटरला ४०० ची एक गोळी. साधी गोळीच घ्या, दुसऱ्या अँटिबायोटिकसोबतची जोडगोळी नको. रोज आधी निम्मं पाणी बदलून मग नवा डोस, सात दिवस. दिवा बंद, फिल्टरमधला कार्बन काढलेला.

बाकी चौघं खातात, त्यांना पाण्यातून देऊ नका. गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीत नाही, औषध आतड्यापर्यंत पोचायचं तर अन्नातूनच. १०० ग्रॅम अन्नात १ ग्रॅम, पाच दिवस. कडू असतं, लसणाचा रस थोडा घाला.

ट्युबिफेक्स आजच थांबवा, ते नाल्यांच्या गाळातून येतात. त्याऐवजी अर्धा किलो कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, ५० ग्रॅम उकडलेला मटार आणि दोन चमचे स्पिरुलिनासोबत (शेवाळाची पूड) मिक्सरमधून काढा, पिशवीत पातळ थापून फ्रीझरला ठेवा. नखाएवढे तुकडे दिवसातून चारदा. पंधरा मिनिटांत न संपलेलं उपसून टाका.

मनीषनगर_टाकी:
दोघांना परत मोठ्या टाकीत केव्हा सोडू?

सहा_इंची:
सलग चार दिवस पोटभर खाऊन शी गडद झाली की. सोडताना दोन्ही टाक्यांचं तापमान एकच हवं, आणि सगळ्यांना खायला टाकता-टाकताच सोडा, म्हणजे आधीचे चौघं त्यांच्या अंगावर धावत नाहीत.