पुनर्वसन वसाहतीच्या पाठपुराव्यासाठी बाहेरच्या संस्थांशी भागीदारी: अटी कोणत्या असाव्यात?

प्रश्न

आमची वसाहत मुंबईच्या पूर्व उपनगरात असून रस्तारुंदीकरणात घरे गेलेल्या कुटुंबांना येथे सात मजली इमारतींत सदनिका मिळाल्या आहेत. लिफ्ट बहुतेक काळ बंद असते, खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो आणि देखभाल निधीचा हिशोब आजवर कोणी दाखवलेला नाही. चार गृहनिर्माण संस्थांनी मिळून कृती समिती स्थापन केल्यावर तीन प्रस्ताव आले: एका समाजकार्य महाविद्यालयाला घरोघरी सर्वेक्षण करायचे आहे, एक स्वयंसेवी संस्था न्यायालयीन पाठपुराव्यास तयार आहे आणि डॉक्टरांच्या एका गटाला आरोग्य तपासणी करायची आहे. यापूर्वी एका संस्थेने अर्ज भरून नेले, पण अहवाल आमच्या हाती कधी आला नाही, त्यामुळे लोक साशंक आहेत. यांपैकी कोणाबरोबर आणि कोणत्या अटींवर काम करावे?

उत्तर १ (सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ती)

आपण अंधाराचा उल्लेख केलात, म्हणून मी डॉक्टरांच्या प्रस्तावाला पहिले स्थान देईन. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या तीन ठिकाणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांबरोबर क्षयरोग आणि इमारतींची रचना यांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि ऊन-वारा घरात पोहोचत नाही तिथे क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. तुलनेने मोकळ्या पीएमजीपी वसाहतीत ते बरेच कमी होते. एरवी क्षयाचे खापर रहिवाशांच्या सवयींवर फोडून प्रशासन मोकळे होते. या अभ्यासाने बोट इमारतींच्या आराखड्याकडे वळवले, आणि ते एकट्या डॉक्टरांना किंवा एकट्या अभियंत्यांना साधले नसते.

माहुलचे उदाहरणही पाहावे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हलवलेली कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी ठेवली गेली. त्यांच्या लढ्यात ‘घर बचाओ घर बनाओ आंदोलन’ होते, वकील होते, आणि प्रदूषणाविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिलेला आदेशही हाताशी होता. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश मुंबई महानगरपालिकेला दिला.

उत्तर २ (सहकार खात्यातून सेवानिवृत्त)

कोणाशीही करार करण्यापूर्वी प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घ्यावा, कारण कृती समिती नोंदणीकृत नसेल तर उद्या तिच्या सहीला कागदोपत्री किंमत राहत नाही. वकीलपत्र गृहनिर्माण संस्थेच्या नावानेच असावे. देखभाल निधीची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात आपणच मागवावीत. त्यासाठी कोणाची मध्यस्थी लागत नाही. विधि सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, ही गोष्ट वसाहतींत क्वचितच कोणी सांगते.

उत्तर ३ (नगर-अभ्यासक)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र मुख्य धोका वेगळा आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था, जॉकिन अर्पुथम यांचे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि भायखळ्याच्या पदपथांवरील महिलांमधून उभी राहिलेली ‘महिला मिलन’ यांची युती ही या प्रकारातील सर्वांत गाजलेली भागीदारी. पदपथवासीयांची गणना त्यांनी शासनाची वाट न पाहता केली आणि बचत गटांतून महिलांना वाटाघाटींच्या टेबलापर्यंत आणले, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. परंतु पुढे जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यावरील मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात पुनर्वसनाचे काम शासनाकडून अशा संस्थांकडे आले आणि काही विस्थापितांच्या तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलपर्यंत गेल्या. २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या काही भागांचा निधी काही काळ रोखलाही. जी संस्था पुनर्वसन करणाऱ्या शासकीय प्राधिकरणाचे काम करते तीच रहिवाशांच्या वतीने प्राधिकरणाशी भांडू लागली, तर तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची, हा पेच कितीही सद्हेतू असला तरी सुटत नाही. म्हणून आपल्याकडे आलेल्या स्वयंसेवी संस्थेला सध्या कोणत्या शासकीय यंत्रणेचे काम वा निधी मिळतो, हे लेखी विचारावे. उत्तर देण्यास ती टाळाटाळ करत असेल तर निर्णय सोपा आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. एक अडचण उरते. आमच्याकडे अनेक सदनिकांत मूळ लाभार्थी राहत नाहीत, भाडेकरू राहतात. सर्वेक्षणात त्यांची नावे आली आणि यादी बाहेर गेली, तर त्यांच्यावर घर सोडण्याची पाळी येईल.

उत्तर ३ (नगर-अभ्यासक)

ही शंका रास्त आहे, कारण वाटप झालेल्या सदनिका ठरावीक वर्षे विकण्यास वा भाड्याने देण्यास मनाई असते आणि अशा घरांत कोण राहते हे तपासण्यासाठी यंत्रणा स्वतःही सर्वेक्षणे करतात. महाविद्यालयाला आधीच सांगावे की प्रश्नावलीत मालकी आणि वाटपपत्र यांविषयी एकही प्रश्न असणार नाही. प्रश्न प्रकाश, पाणी, लिफ्ट आणि आजार यांपुरते असतील. सदनिका क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा, त्याची जुळणी दाखवणारी वही केवळ समितीकडे ठेवावी आणि मसुदा प्रसिद्धीपूर्वी वसाहतीच्या सभेत मराठीत व हिंदीत वाचून दाखवावा. भाडेकरूंनाही त्या सभेला बोलवावे. बंद लिफ्टचा त्रास त्यांनाही तितकाच होतो.