लिंबाच्या घटावर बल्ब का लागत नाही?

प्रश्न (नववीची विद्यार्थिनी): विज्ञान प्रदर्शनासाठी लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचून मी विद्युतघट तयार केला. मल्टीमीटरवर सुमारे ०.९ व्होल्ट दिसतात, तरीही चार लिंबे एकसर जोडून टॉर्चचा बल्ब लागत नाही. पुस्तकात एका आकृतीत आटोपणारा विषय हाताळताना इतके प्रश्न उभे करतो, म्हणूनच मला असे प्रकल्प मनापासून आवडतात; पण याचे कारण उमगत नाही.

उत्तर १ (शिक्षक): प्रश्न उत्तम आहे. व्होल्टेज पुरेसे असले तरी लिंबाचा अंतर्गत रोध (घटाच्या आतून धारेला होणारा अडथळा) खूप असल्याने धारा जेमतेम मिलिअँपिअरपर्यंत पोहोचते, आणि बल्बला शेकडो मिलिअँपिअर लागतात. लाल एलईडीला फार कमी धारा पुरते, म्हणून तो वापरा. त्याचा लांब पाय तांब्याच्या टोकाला जोडा.

उत्तर २: ऊर्जा लिंबातून येते असे तक्त्यावर कृपया लिहू नका, कारण झिजते ते जस्त. हे पडताळायला जस्ताचा खिळा काढून दोन्ही पट्ट्या तांब्याच्या घ्या, व्होल्टेज मोजा आणि तो आकडाही नोंदवहीत लिहा.

विद्यार्थिनी: मनःपूर्वक आभार. एलईडी लागला, आणि दोन्ही पट्ट्या तांब्याच्या घेतल्यावर मीटर शून्याजवळच राहिला. आता कच्च्या आणि उकडलेल्या बटाट्यांतून मिळणाऱ्या धारेची तुलना करणार आहे.