मदत हवी आहे: डोटा २ मध्ये मारामारी जिंकतो आन् मॅच हरतो, कामून?

रात्रीचीपाळी:
राम राम मंडळी. पहिलाच धागा हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमी पाचजण डोटा २ खेळतो (पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गेम, तीन वाटा म्हंजे लेन, त्यावर टॉवर, समोरच्याचा एन्शंट म्हंजे मुख्य इमारत पाडली की जिंकलो), दोघं परभणीत, एक लातूरला होस्टेलवर, एक संभाजीनगरला आन् एक पुण्यात नोकरीला, त्याला रात्री दहाच्या आधी येळच नसतो. सगळ्यांचं मेडल क्रुसेडर (खालून तिसरी रँक), दीड वर्षापासून तिथंच बूड टेकवून बसलोय. लॅगचं रडगाणं गात नाही, सिंगापूर सर्व्हरवर खेळतो, पिंग चालण्यासारखा असतो, लाईट गेली तर गेली, त्याला कोण काय करणार.

प्रॉब्लेम असा की मारामारीत आमी कुणाला ऐकत नाही. परवाची मॅच सांगतो. ३५व्या मिनिटाला आमचे ४१ किल, त्यांचे २३. आमचा लिजन कमांडर (हे आन् पुढचे पज, प्रॉफेट वगैरे खेळातले हिरो) ड्युएलवर ड्युएल जिंकायलाय, डॅमेज वाढत चाललंय, पज हूक मारून एकेकाला वढून आणायलाय, आमी खुश. आन् त्यांचा नेचर्स प्रॉफेट एकाही फाइटला आला नाही. खालच्या लेनला झाडं उभी करायची, टॉवर ठोकायचा, आमच्यातलं कुणी दिसलं की टेलिपोर्ट मारून डायरेक्ट वरच्या लेनला. त्याला हाणायला एक गेला की मरतो, दोघं गेले की मिडला तिघंच उरतात आन् समोर चौघं, आन् कुणीच नाही गेलं तर टॉवर जातो. ४८व्या मिनिटाला एन्शंट पडला. किल शेवटपर्यंत आमचेच जास्त होते हे विशेष.

मग माईकवर जी शिवीगाळ झाली ती इथं लिहीत नाही.

सगळे म्हणतात "मॅप प्रेशर ठेवा, मॅप प्रेशर ठेवा". ठेवा म्हंजे नेमकं काय करा? मी एकदा स्प्लिट पुश (टीम दुसरीकडं असताना एकट्यानं एक लेन पुढं ढकलणं) करायला गेलो तर तीन मिनिटात दोनदा मेलो आन् वर ऐकून घेतलं ते येगळंच. समजेल असं सांगा कुणीतरी.

हुकचुकला:
पजवाल्याला ग्रुपमधून काढा. धागा बंद.

रात्रीचीपाळी:
पज माझा सख्खा चुलतभाऊ हाय, काढता येत नाही.

जुनाकॅफे:
मी वॉरक्राफ्टच्या मॅपवर डोटा खेळायचो तेव्हापासूनचा माणूस, औरंगाबादला (तेव्हा तेच नाव होतं) कॅफेत बसून तासाचे पैसे मोजत शिकलेलो, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

तुझ्या नावावरून वाटतंय घरी शेती आहे आणि दारं धरलेलं आहे. मग सांग, रात्रीची लाईट आली, मोटर चालू केली, एका सरीत पाणी सोडलं, तर तू तिथं उभा राहून पाण्याकडं बघत बसतोस का? पुढच्या सरीचं दारं मोडायला जातोस, मागचं पाणी आपलं आपण टोकापर्यंत जातं. क्रीपची वेव्ह (आपोआप चालत जाणाऱ्या छोट्या सैनिकांची तुकडी) अगदी तशीच आहे. दर ३० सेकंदाला तिन्ही लेनमध्ये फुकट निघते. समोरची वेव्ह तू झटक्यात साफ केलीस की तुझी वेव्ह चालत त्यांच्या टॉवरपर्यंत जाते, तू तिथं नसलास तरी. आता ती थांबवायला त्यांच्यातल्या कुणालातरी यावंच लागतं, नाही आला तर टॉवर झिजतो, वर त्या क्रीपचं सोनं बुडतं ते निराळंच. तुझी पंधरा सेकंदाची मेहनत आणि त्यांचा एक माणूस अर्ध्या मिनिटासाठी गुंतला. तो गुंतलेला माणूस म्हणजे प्रेशर. प्रॉफेट तुमच्यावर हेच करत होता, आणि त्याच्याकडं टेलिपोर्ट असल्यामुळं तीन सऱ्यांचं दारं एकटाच धरत होता.

तुमचं काय होतंय, मोटर चालू आहे, पाणी पाटातून वाया चाललंय आणि तुम्ही पाचजण बांधावर शेजाऱ्याशी भांडायलात.

म्हणून आधी दोन्ही बाजूच्या लेन पुढं ढकला, मगच मिडला (मधल्या लेनला) जमा किंवा रोशनला (मॅपवरचा मोठा राक्षस) हात घाला. लेन ढकललेल्या नसताना फाइट जिंकलात तरी टॉवरजवळ तुमचे क्रीप नसतात, आणि टियर २ (प्रत्येक लेनचा दुसरा टॉवर) पासून पुढच्या टॉवरना बॅकडोअर प्रोटेक्शन असतं, क्रीप नसले तर नुकसान कमी होतं आणि झालेलं भरूनही येतं. मग काय करता, जंगलात पळून गेलेल्या एका सपोर्टच्या मागं पाचजण पळता. बरोबर ना?

रात्रीचीपाळी:
दादा तुमी आमची मॅच बघितली का काय.

वॉर्डवाली:
जुनाकॅफे दादांचं बरोबर आहे पण तू स्प्लिट पुश करताना का मेलास ते राहिलं. मी पोझिशन ५ (टीमला मदत करणारा सपोर्ट) खेळते, लातूर, तुमच्यासारख्या पोरांसाठी वॉर्ड (आजूबाजूचा मॅप दाखवणारी खूण) लावण्यात माझी हयात गेली. वेव्ह मारायच्या आधी मिनीमॅप बघायचा आणि मोजायचं, समोरचे किती दिसतात. चार दिसले आणि ते दुसऱ्या टोकाला असले तर बिनधास्त पुढं जा. एकच दिसत असेल तर बाकीचे चार तुझ्याचसाठी निघालेत असं धरून आपल्या बाजूच्या झाडीत मागं हो. ऑब्झर्व्हर वॉर्ड ६ मिनिटं टिकतो आणि फुकट मिळतो, तो आपल्याच जंगलात कशाला लावता? ज्या लेनला पुश करायचंय तिथं त्यांच्या जंगलातून यायच्या वाटेवर लाव, म्हणजे तुला पाच-सहा सेकंद आधी कळेल.

आणि खिशात टीपी (आपल्या इमारतीशी टेलिपोर्ट करणारी चिठ्ठी) नसेल तर पलीकडं जायचंच नाही. टीपी कूलडाऊनवर असेल तरी नाही. दोघं अंगावर आले की तू निघायचं, टॉवर घ्यायच्या मोहात पडायचं नाही. दोघांना तिथपर्यंत पळवलंस तेवढ्यात काम झालं, कारण त्याच वेळी तुमचे चौघं तिघांसमोर असतात. पण हे त्या चौघांना माहीत पाहिजे! माईकवर "दोघं माझ्याकडं आले" एवढं बोल, "वाचवा वाचवा" नको. बहुतेक टीममध्ये एकजण स्प्लिट पुश करतो आणि बाकीचे चौघं त्याच वेळी निवांत जंगलात फार्म करत (सोनं कमावत) असतात, मग त्या पुशचा उपयोग शून्य.

हुकचुकला:
आता मस्करी सोडून, मला थोडं वेगळं वाटतं. यांच्या ड्राफ्टमध्ये (निवडलेल्या हिरोंमध्ये) वेव्ह साफ करणारं कोण आहे? लिजन, पज, बाकी कोण? पुढचे तिघं सांग. प्रत्येक टीमनं स्प्लिट पुश खेळलंच पाहिजे असं काही नाही, मारामारीची टीम असेल तर मारामारीच करा, फक्त मारल्यावर इमारत घ्या. क्रुसेडरला लोकांना नागा सायरनचे इल्यूजन (तिच्या खोट्या प्रती) तीन लेनला पाठवायला सांगितलं तर नागा पण जाईल आणि इल्यूजन पण जातील.

रात्रीचीपाळी:
लायन, स्नायपर आन् मी, कधी स्लार्क कधी जगरनॉट.

हुकचुकला:
मग झालं ना. फाइट जिंकायला खूप, वेव्ह मारायला कोणच नाही. जगरनॉट त्यातल्या त्यात बरा. लिजन काढून एखादा ऑफलेनर (अवघड लेनला खेळणारा हिरो) घे ज्याची वेव्ह पटकन साफ होते, अ‍ॅक्स चालेल.

जुनाकॅफे:
ड्राफ्टचं मान्य. पण स्प्लिट पुश म्हणजे पळपुटेपणा असं कुणाला वाटत असेल तर २०१३ च्या इंटरनॅशनलची (डोटा २ ची मोठी स्पर्धा) फायनल बघा, सिअ‍ॅटलची, अलायन्स विरुद्ध नावी. ३-२ नं अलायन्स जिंकली. पाचव्या गेमला अलायन्सच्या बुलडॉगच्या हातात हाच प्रॉफेट, लेन खातोय, आणि नावीवाले बेस वाचवायला टीपी मारून घरी निघाले तर अलायन्सच्याच एस४ च्या पक हिरोनं ड्रीम कॉइल टाकून त्यांचे टीपी कापले. मारायची गरजच नव्हती, फक्त घरी जाऊ द्यायचं नव्हतं. तो क्षण बघितला की प्रेशर म्हणजे काय ते मी चार पानं लिहून सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

रात्रीचीपाळी, तू एक काम कर. परवाचा रिप्लेच लाव. प्रत्येक जिंकलेल्या फाइटनंतर पुढच्या एका मिनिटात तुम्ही काय घेतलंत ते वहीत लिही. खाडाखोड न करता इथं सांग.

रात्रीचीपाळी:
लिहिलं. लाज वाटायलीय पण सांगतो. नऊ फाइट जिंकलो. एका फाइटनंतर टॉवर घेतला. दोनदा आमी चौघं एका विच डॉक्टरच्या मागं त्यांच्या जंगलात, एकदा पज त्यांच्या फाउंटनसमोर हूक मारत उभा, बाकी येळेस सगळे शॉपिंगला घरी. आन् त्यांचा प्रॉफेट तेवढ्या येळात एकट्यानं सात टॉवर. टोटल असतात ११, त्यातले सात!

चुलतभाऊ म्हणतो रिप्लेमध्ये तसं दिसतं, खेळताना तसं नव्हतं.

वॉर्डवाली:
तुझा चुलतभाऊ राजकारणात जाईल.

आता पुढच्या वेळी प्रॉफेट खाली दिसला तर त्याच्याकडं कुणीच जाऊ नका, जोपर्यंत तो बॅरॅकपर्यंत (लेनच्या शेवटच्या टॉवरमागच्या इमारती) पोचत नाही तोपर्यंत. तो खाली दिसला म्हणजे बाकी मॅपवर तुम्ही पाच आणि ते चार. त्याचा एक टॉवर तर तुमचा एक टॉवर, जमलं तर सोबत रोशन. तुमची वेव्ह आधीच त्यांच्या टॉवरशी असेल तर सौदा तुमच्या फायद्याचा. आणि परत यायची वेळ आलीच तर एकच जण टीपी मारा, वेव्ह लांबून साफ करू शकणारा. तुमच्यात तो स्नायपर, पण टॉवरच्या मागं उभा राहून, प्रॉफेटच्या मागं जायचं नाही. ग्लिफ (इमारतींना थोडा वेळ वाचवणारं बटण) कोण दाबणार तेही आधीच ठरवा, नाहीतर कुणीच दाबत नाही किंवा एकजण उगाच टियर १ ला दाबून बसतो.

रात्रीचीपाळी:
तीन दिवसांनी लिहायलो, लाईटीमुळं दोन रात्री खेळताच आलं नाही. काल तीन मॅच झाल्या. पहिली हरलो, सवयीनं जंगलात पळालो. दुसरीत संभाजीनगरवाल्यानं लिजन सोडून अ‍ॅक्स घेतला (एक तास समजूत काढावी लागली) आन् दोन्ही बाजूच्या लेन ढकलून मगच मिडला गेलो, तर किल आमचे १९ त्यांचे २४ आन् मॅच आमची, ३३व्या मिनिटाला. कुणालाच खरं वाटंना, पुण्यातला तर दोन मिनिटं गप्पच होता.

तिसरीत परत प्रॉफेट आला समोर. खाली दिसला, कुणी गेलं नाही. चुलतभाऊ दोनदा निघाला तर त्याला नावानं हाक मारून थांबवला. आमी मिडचे दोन्ही बॅरॅक घेतले, त्यानं आमचा खालचा टियर ३ घेतला, हिशोब आमच्या बाजूनं. मग हाव सुटली, तिथंच त्यांच्या एन्शंटसमोर थांबलो, त्यांच्यातले तिघं बायबॅक करून (सोनं देऊन लगेच जिवंत होऊन) आले आन् आमच्या पाचातल्या चौघांकडं बायबॅकचे पैसेच नव्हते. एका फाइटमध्ये मॅच गेली.

तर आता विचारायचं हे की बायबॅकचं सोनं कितव्या मिनिटापासून राखून ठेवायचं, आन् आयटम आधी की बायबॅक आधी? याच धाग्यात सांगता का नवीन काढू?